इब्राहिमची कबुली

रियाधच्या बत्हा भागात खिडकी घट्ट लावा, दाराखाली फडकं कोंबा, तरी सकाळी टेबलावर धूळ असतेच. किस्स्यांचंही तसंच. हमीदमामूंच्या खाणावळीच्या वरच्या खोलीत शुक्रवारी आम्ही जमायचो, तेव्हा कोणी किस्से बरोबर घेऊन येत नसे. पण उठताना पाहावं तर ढीग पडलेला असायचा. त्यातून ते युद्धाचे दिवस. भोंगा वाजला की खाली उतरायची सोय नाही, आणि एका खोलीत अडकलेली कोकणातली माणसं बोलणार नाहीत तर काय करणार?

त्यातले काही किस्से सांगतो. सगळे एकाच माणसाचे आहेत म्हणा ना.

* * *

आधी माझं सांगून टाकतो. लहानपण माझं रियाधमध्ये गेलं. पुढे अब्बांनी मला पुण्याला चुलत्यांकडे शिकायला ठेवलं. तिथे कायद्याची डिग्री घेऊन मी परत आलो, तो नेमका कुवेतमध्ये इराकी फौजा घुसल्या त्या उन्हाळ्यात. व्हिसा मिळाला होता एका कंत्राटदार कंपनीत क्लार्कचा. पण मनातून मी क्लार्क नव्हतो. माणसाला कायदा कळला की त्याची मान वर होते, असं माझं मत होतं. अजूनही आहे. आमची माणसं इथे मान खाली घालून जगतात याचा मला फार राग यायचा.

म्हणून मी एक मोठा तक्ता तयार केला. वर लाल अक्षरांत लिहिलं, 'अटक झाली तर तुमचे हक्क'. खाली तीन कलमं. अटकेचं कारण विचारा. वकील मागा. स्वतःविरुद्ध बोलायला कोणी तुम्हाला भाग पाडू शकत नाही. पुण्यात शिकलेलं सगळं मी त्या तीन ओळींत बसवलं होतं. शुक्रवारी जेवणं झाल्यावर तो भिंतीवर लावला आणि तासभर भाषण केलं.

हमीदमामू दापोलीचे. बत्हात आमच्या सगळ्यांच्या आधी आलेले, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तक्ता नीट वाचला.

"अक्षर छान आहे हो," ते म्हणाले. "हे इथल्या पोलिसांना दाखवलंस का?"

त्या दिवसापासून माझं नाव 'वकील' पडलं. पुढे गॅसच्या भीतीनं सगळं शहर खिडक्या चिकटपट्टीनं बंद करायला लागलं, तेव्हा मामूंनी तो तक्ता काढून फुटक्या काचेवर ठोकला. विषारी वायू आलाच असता, तर माझे तीन हक्क त्याला अडवणार होते.

* * *

आता इब्राहिम. श्रीवर्धनजवळच्या एका वाडीतला, दारातून वाकून यावं लागेल इतका उंच, आणि त्या उंचीची जणू लाज वाटत असल्यासारखा सतत खांदे पाडून चालणारा. एका खासगी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कामाला होता. कापूस, सिरिंजा, चादरी, सगळं त्याच्या किल्लीखाली.

एकदा बत्हाच्या चौकात एक टॅक्सी मागे येता येता त्याच्या पायावरून गेली. ड्रायव्हर पेशावरचा, आडदांड. तो खाली उतरला आणि उलट इब्राहिमवरच ओरडायला लागला. इब्राहिम एका पायावर उभा राहून, हात जोडून त्याला म्हणाला, "चुकलं भाऊ. पुन्हा नाय होणार."

ड्रायव्हर ओरडता ओरडता थांबला. शेवटी त्यानंच याला उचलून गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं, आणि बाहेर पडल्यावर खोलीवर आणून सोडलं.

मी संतापलो. पाय तुझा चिरडला आणि माफी तूच मागतोस? तेव्हा इब्राहिमनं मला त्याच्या गावची रीत समजावली. त्यांच्या मोहल्ल्यात भांडण झालं की जमात, म्हणजे वडीलधारी मंडळी, बसते. कोण खरा, कोण खोटा, हे कोणी फारसं उकरत नाही. दोघांतला जो आधी 'चुकलं' म्हणेल तो मोठा. त्यानं तसं म्हटलं, की भांडण संपलं. मग जमातीतर्फे चहा येतो, दोघांना एकाच बाकावर बसवून पाजतात, आणि पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही.

"अरे, पण तुझी चूक नसली तरी?" मी विचारलं.

"वकील," तो म्हणाला, "पाय बरा होतो. भांडण बरं होत नाय."

* * *

जानेवारीत बॉम्ब पडायला लागले. तिकडे बगदादवर, आणि थोड्याच दिवसांत इकडे आमच्यावर स्कड क्षेपणास्त्रं. हॉस्पिटलात गॅसचे मास्क आले, खोक्यांतून. ते कोणाला मिळणार, हे मॅनेजरनं ठरवलं. आधी डॉक्टर, मग नर्सेस, मग ऑफिसवाले आणि त्यांची कुटुंबं. स्वयंपाकी, झाडूवाले, स्टोअरवाले यांच्यासाठी सूचना निघाली की भोंगा वाजल्यावर ओला टॉवेल तोंडावर धरावा. म्हणजे मास्क ज्याच्या किल्लीखाली होते, त्या इब्राहिमच्या वाट्याला टॉवेल!

त्यावरून खोलीत आम्ही त्याची भरपूर थट्टा केली. तो हसला आणि म्हणाला, "टॉवेल चांगला आहे. मास्कमध्ये घाम येतो म्हणतात."

आणि एका सकाळी मास्कचं एक खोकं कमी भरलं.

त्याला पोलीस ठाण्यात नेलं, तेव्हा बरोबर डॉक्टर कुलकर्णींना पाठवलं होतं, थोडंफार अरबी येतं म्हणून. डॉक्टर सांगलीचे, त्याच हॉस्पिटलात. दर शुक्रवारी आमच्यात येऊन बसायचे; मामू त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात वरण लावायचे. पुढचं त्यांनीच सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

अधिकाऱ्यानं विचारलं, किल्ली तुझ्याकडे असते? असते. दुसरी किल्ली कोणाकडे? मॅनेजरसाहेबांकडे. मग खोकं कुठे गेलं? अधिकारी टेबलावर हात आपटून ओरडला. युद्धाचे दिवस, लोकांचे जीव टांगणीला, आणि तू मास्क चोरतोस?

इब्राहिम उठून उभा राहिला. मान खाली. त्याला अरबी येत होतं ते बाजारापुरतं, पण हे दोन शब्द नेमके येत होते. "अना गलतान," तो म्हणाला. मी चुकलो.

अधिकारी चकित झाला. इतक्या लवकर कबूल झालेला माणूस त्यानं पाहिला नसावा. कारकुनानं भराभर अरबीत जबाब लिहिला. डॉक्टर म्हणत होते, थांबा, त्याला तसं म्हणायचं नाही, पण तोवर शाईचा डबा उघडला होता. इब्राहिमनं अंगठा उमटवला, खुर्चीत बसला, आणि सुटकेचा श्वास सोडला. थोड्या वेळानं डॉक्टरांच्या कानाशी वाकून त्यानं हळूच विचारलं, "डॉक्टर, चहा अजून कसा नाय आला?"

चहा आला नाही. बेड्या आल्या.

* * *

खोकं कुठे गेलं हे शोधायला काही अक्कल लागत नव्हती. पुढच्या शुक्रवारी महाडच्या सलीमनं वरच्या खोलीत, भाकरी मोडता मोडता सगळं सांगितलं. सलीम हॉस्पिटलची व्हॅन चालवायचा. स्कडचा पहिला भोंगा झाला त्या संध्याकाळी मॅनेजरनं त्याला बोलावलं, स्वतःच्या किल्लीनं स्टोअर उघडलं, आणि खोकं व्हॅनमध्ये ठेवायला सांगितलं. सलीमनंच ते मॅनेजरच्या घरी पोचवलं. सासू, मेहुणे, मेहुण्यांची पोरं, सगळ्यांना मास्क पुरले.

मी ताटावरून उठलो. म्हटलं, संपली केस! सलीमभाई, उद्या सकाळी माझ्याबरोबर चला, आणि हेच तिथे सांगा.

खोलीत एकदम कोणी घास चावेना.

"डोळे माझे आहेत, वकील," सलीम म्हणाला. "पण पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात आहे. आता सांग, कोणी काय पाहिलं?"

मी बोलायला लागलो. सत्य, धैर्य, एकाच्या अन्यायावर सगळे गप्प बसले तर उद्या दुसऱ्याची पाळी, बरंच काही. माझं झाल्यावर सलीमनं हात धुतले, चपला घातल्या आणि दारात वळून म्हणाला, "तू बोलतोस ते खरं आहे. तुझा अब्बा इथे आहे, पुण्यात चुलता आहे. माझ्या पोरींना फक्त मी आहे."

नंतरच्या शुक्रवारी तो आला नाही. मामूंनी त्याचं ताट मात्र वाढून ठेवलं. मी रागानं म्हणालो, कशाला वाढता? मामूंनी ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि म्हणाले, "भित्र्यालापण भूक लागते."

* * *

मग डॉक्टरांनी मनावर घेतलं. इब्राहिम 'चुकलं' कोणत्या अर्थानं म्हणतो, ते आपण जाऊन सांगणार, म्हणाले. डॉक्टर तसे जपून राहणारे. पोलिसांची गाडी दिसली तरी रस्ता बदलणारे. त्या सकाळी त्यांनी कोट घातला, टाय बांधला, बायकोला सांगून ठेवलं की दुपारपर्यंत आलो नाही तर दूतावासाला फोन कर, आणि गेले.

आम्ही मामूंच्या खाणावळीत वाट पाहत बसलो. दुपार झाली. असरची नमाज झाली. डॉक्टरांचा पत्ता नाही. त्यांच्या बायकोचा दोनदा फोन येऊन गेला. मी तक्त्यातली कलमं मनात घोकत होतो आणि ती कोणाला ऐकवायची तेच कळत नव्हतं. त्यात भोंगा झाला. आम्ही टॉवेल भिजवून बसलो. कुठेतरी लांब आवाज झाला, तक्ता लावलेली खिडकी हादरली, आणि थोड्या वेळानं धोका टळल्याचा दुसरा भोंगा वाजला.

संध्याकाळी, मगरिबच्या बांगेला डॉक्टर जिना चढून आले. टाय सैल, चेहरा उतरलेला.

"सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगायला सुरुवात केली. डॉक्टर आहे म्हटल्यावर अधिकाऱ्यानं बाही वर केली. म्हणाला, आधी माझं ब्लडप्रेशर बघा, भोंग्यांनी झोप उडालीय. मग त्याच्या हाताखालचा आला. मग शिपाई. मग कोठडीवरचे. सगळं ठाणं रांगेत उभं."

"आणि इब्राहिमचं?"

डॉक्टरांनी टाय काढून खिशात घातला. "त्याचं पण बघितलं. जाळीतून हात बाहेर काढला त्यानं. सगळ्या ठाण्यात त्याचं एकट्याचंच नॉर्मल होतं."

साक्ष काही लिहून घेतली नाही. तुम्ही न्यायाधीशांपुढे काय ते सांगा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा या, असं त्यांना सांगण्यात आलं. ब्लडप्रेशरसाठी.

* * *

इथे आरोपीला हक्कच नाहीत, असं मी धरून चाललो होतो. ते एका माणसाला आवडलं नाही. आमच्या कंपनीत करारांचे कागद पाहायला एक सुदानी वकील होते. खार्तूममध्ये त्यांनी वकिली केली होती, शिकवलंही होतं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी त्यांच्यापुढे इब्राहिमची केस मांडली आणि शेवटी म्हणालो, इथे कायदाच नाही तर लढायचं कशाच्या जोरावर?

उस्तादांनी चष्मा काढला. "तुला माहीत नाही, म्हणजे नाही?"

त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून पहिल्यापासून शिकवलं. चोरीची जी ठरलेली शिक्षा, हात तोडण्याची, ती लावायला अटी फार कडक आहेत. माल बंदोबस्तात हवा आणि चोरानं तो बंदोबस्त मोडलेला हवा. ज्याच्या हाती मालकानं स्वतःहून किल्ली दिली, त्याला ती शिक्षा लागत नाही. मनात शंका राहिली तरी लागत नाही; शंकेचा फायदा आरोपीला. आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली तेवढ्यावर संपत नाही. न्यायाधीश स्वतः पुन्हा विचारतो. त्या वेळी आरोपी कबुली मागे घेऊ शकतो.

"त्याच्या वतीनं मी मागे घेऊ शकतो?"

"नाही. ज्याच्या तोंडून निघाली, त्याच्याच तोंडानं परत जाते."

मी ऑफिसातून निघालो तो थेट बत्हाला. जिना चढताना धाप लागली होती. वर पोचल्या पोचल्या ओरडलो, "हात वाचला! इब्राहिमचा हात वाचला!"

सगळे उठून उभे राहिले. कोणी कोणाला मिठ्या मारल्या. डॉक्टरांनी डोळे पुसले. फक्त मामू बसून होते.

"आणि पाठ?" त्यांनी विचारलं.

मी खाली बसलो. कारण उस्तादांनी तेही सांगितलं होतं. ठरलेली शिक्षा टळली की उरलेलं न्यायाधीशाच्या मर्जीवर. कैद, फटके, आणि मग पहिल्या विमानानं घरी रवानगी, कपाळावर चोर हा शिक्का घेऊन. श्रीवर्धनजवळच्या त्या वाडीत, जिथे जमात बसते, तिथे तो शिक्का कुठल्या बाकावर बसवणार होते?

* * *

म्हणजे सगळं एका वाक्यावर आलं. न्यायाधीशांनी विचारलं, घेतलंस का, तर इब्राहिमनं म्हणायचं, मी घेतलं नाही. बस्स! लहान मूल म्हणेल.

भेटीच्या दिवशी मी तुरुंगात गेलो. दोन जाळ्या, मध्ये हातभर अंतर, दोन्हीकडे माणसांची गर्दी, आणि प्रत्येकजण ओरडून बोलणारा. मी त्याला सगळं समजावलं. म्हटलं, समज मी न्यायाधीश आहे. आवाज जाड करून विचारलं, "इब्राहिम, खोकं तू घेतलंस?"

त्यानं मान खाली घातली. "तुमी म्हणता तर घेतलं असंल."

"अरे, पण तू घेतलंस का?"

"नाय."

"मग तेच सांग!"

"तुला सांगतो ना. तू आपला आहेस. पण तो एवढा मोठा माणूस, त्याला तोंडावर खोटं कसं पाडायचं?"

मी जाळीवर कपाळ टेकलं. पुन्हा सुरुवात. मी कधी दरडावून विचारलं, कधी गोड बोलून, कधी ओरडून. शेजारचा एक पंजाबी कैदी आपली भेट सोडून आमची तालीम ऐकायला लागला आणि इब्राहिम चुकला की 'ओये' म्हणून त्याला कोपर मारायला लागला. शेवटी शेवटी, माझा घसा बसल्यावर, इब्राहिमनं एकदा मान वर करून स्पष्ट म्हटलं, "मी नाय घेतलं."

"शाबास! परत!"

"मी नाय घेतलं."

पंजाबी माणसानं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात भोंगा झाला. शिपायांनी कमरेच्या पिशव्यांतून मास्क काढून चढवले. आमच्याकडे आणि कैद्यांकडे काही नव्हतं. बाहेरच्या गर्दीला त्यांनी दाराकडे रेटायला सुरुवात केली. आतल्यांना कुठेच जायचं नव्हतं. ते जाळीशी उभेच राहिले. मी मागे वळून पाहिलं. सगळ्यांपेक्षा हातभर उंच इब्राहिम, शर्टाची कड तोंडावर धरलेली, दुसऱ्या हातानं मला 'जा, जा' अशी खूण करत होता. मग त्याला काहीतरी आठवलं. त्यानं शर्ट खाली केला आणि मोठ्यानं ओरडला, "अम्मीला कळवलं नाय ना?"

कळवलं नव्हतं. गावी सगळ्यांना वाटत होतं, युद्धामुळे फोन लागत नाहीत.

* * *

आता शेवटचा.

युद्ध संपत आलं होतं, पण आकाशाचा भरवसा नव्हता. कोर्ट म्हणजे एक साधी खोली. टेबलामागे न्यायाधीश, वयस्कर, खांद्यावर अबा, म्हणजे लोकरी झगा, शेजारी कॉफीचा थर्मास, आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेली मास्कची पिशवी. एका बाजूला हॉस्पिटलचा प्रतिनिधी, इस्त्रीचा पायघोळ थोब घातलेला, मॅनेजरचा उजवा हात. मागच्या बाकावर उस्ताद, डॉक्टर, हमीदमामू आणि मी. दाराबाहेर सलीम उभा होता. आत आला नाही, पण गेलाही नाही.

इब्राहिमला आणलं. त्यानं आमच्याकडे पाहिलं. मी ओठ हलवून त्याला ते वाक्य आठवण करून दिलं. त्यानं मान हलवली. पाठ आहे, अशी.

कोर्टाचा दुभाष्या हैदराबादचा एक म्हातारा. इब्राहिमचं हिंदी म्हणजे बरंचसं कोकणीच, तरी त्याला ते समजत होतं.

न्यायाधीशांनी जबाबाचा कागद वाचला. "हा अंगठा तुझा?"

"होय साहेब."

"मास्कचं खोकं तू घेतलंस?"

हाच तो प्रश्न. इब्राहिमनं मान वर केली. मला दिसलं, वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात प्रतिनिधी खुर्चीत हलला, आणि इब्राहिमची नजर त्याच्याकडे गेली, मग न्यायाधीशांच्या पांढऱ्या दाढीकडे, आणि मग खाली जमिनीकडे.

"चुकलं साहेब," तो म्हणाला. "पुन्हा नाय होणार."

दुभाष्यानं अरबीत सांगितलं. डॉक्टरांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी उठू लागलो तर उस्तादांनी माझा शर्ट धरून खाली बसवलं. प्रतिनिधी पहिल्यांदा पाठ टेकून बसला.

न्यायाधीशांनी पेन उचललं, पण लिहिलं नाही. "ते मास्क तू कुठे ठेवलेस?"

"साहेब म्हणतील तिथं."

"कोणाला विकलेस?"

"साहेब म्हणतील त्याला."

न्यायाधीश त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांनी थर्मासमधून कॉफी ओतली, एक घोट घेतला, पेला खाली ठेवला. मग टेबलावर पुढे वाकले आणि पहिल्यापेक्षा कितीतरी कडक आवाजात त्यांनी काहीतरी विचारलं. मला अरबी कळत होतं, पण मी बरोबर ऐकलं असं मला वाटेना. प्रतिनिधीनं चमकून वर पाहिलं. दुभाष्या गोंधळला, त्यानं न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी बोटानं खूण केली, सांग.

दुभाष्यानं घसा साफ केला. "काजीसाहेब पूछ रहे हैं," तो म्हणाला, "गए हफ्ते शहर पर जो रॉकेट आया, वो भी तूने छोड़ा था?"

युद्ध चालू होतं. तसल्या आरोपावर त्या दिवसांत काय होऊ शकत होतं, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. हमीदमामूंनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

इब्राहिमनं खांदे आणखी पाडले. दोन्ही हात जोडले.

"चुकलं साहेब," तो म्हणाला. "पुन्हा नाय होणार."

दुभाष्यानं ते शब्द जसेच्या तसे अरबीत सांगितले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी जबाबाचा कागद उचलला, टेबलावर पालथा ठेवला, आणि दारातल्या शिपायाला म्हणाले, "या माणसाला चहा आणा."